आढीतला फोटो

महाडात माझी ख्याती कमी बोलणारा म्हणून आहे. ती अर्धीच खरी आहे. मी सरळ कमी बोलतो. तिरकं बोलायला मला कधी श्रम पडले नाहीत. पासपोर्ट फोटोसाठी आलेला टकला माणूस आरशासमोर भांग पाडत बसला की मी म्हणायचो, "होऊ द्या सावकाश, उगवतायत अजून." आणि चेहरा असा ठेवायचो की समोरच्याला हसावं की रागवावं ते कळू नये. ही कला मला फार मोठी वाटायची. तिचा सगळ्यात यशस्वी प्रयोग मी एका म्हाताऱ्या बाईवर केला. बायकोला त्यातलं निम्मं माहीत आहे. उरलेलं निम्मं इथे लिहितोय.

नव्वदच्या दशकात एसटी स्टँडाजवळ माझा स्टुडिओ होता. दहा बाय बाराच्या गाळ्याला स्टुडिओ म्हणायला जो आत्मविश्वास लागतो तो माझ्याकडे तेव्हा होता. मागच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि तळ्यात हंस. रंगवणाऱ्याने बर्फ पाहिला नव्हता हे कळत होतं, आणि हंसाच्या जागी त्याने ओळखीचं बदक वापरलं होतं. पण धंदा बदकावर चालत नव्हता, औद्योगिक वसाहतीवर चालत होता. केमिकलच्या कारखान्यांत महिन्याला नवे कंत्राटी कामगार यायचे आणि प्रत्येकाला गळ्यात अडकवायला ओळखपत्र लागायचं. त्यासाठी मी चार भिंगांचा इन्स्टंट कॅमेरा घेतला होता. एकदा खटका दाबला की एकाच माणसाचे चार चेहरे. कॅमेऱ्यातून चिकटलेले दोन कागद ओढून काढायचे, मिनिटभर थांबायचं, मग एकावरून दुसरा सोलायचा. एका बाजूला फोटो तयार. दुसऱ्या बाजूला काळपट, चिकट कागद. त्याला मी सालपट म्हणायचो. त्यावर माणूस उलट्या रंगांत दिसायचा, गोरा काळा आणि काळा गोरा. चार-आठ दिवसांत तोही विरून जायचा. सालपट बादलीत टाकायचं आणि हात धुवायचे, नाहीतर त्यावरची खळ बोटं सोलते.

या फोटोची खोड एकच. त्याची दुसरी प्रत निघत नाही. साध्या रोलवरून हवे तितके फोटो धुऊन मिळतात, इथे जो निघाला तोच. हरवला तर पुन्हा येऊन बदकासमोर बसा. हे मी रोज वीस जणांना सांगायचो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका उन्हाळ्यात मुंबईचे एक फोटोग्राफर वीर स्टेशनात उतरले आणि रिक्षाने महाडला येऊन इन्स्टंट फिल्म हाताळणारा माणूस शोधू लागले. असा तज्ज्ञ तालुक्यात एकटा मीच होतो, कारण बाकीच्यांना तो खर्च परवडत नव्हता. साहेबांनी माझ्या चार भिंगांच्या कॅमेऱ्याकडे लहान मुलाच्या पिपाणीकडे बघावं तसं कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "माझाही इन्स्टंटच आहे. थोडा मोठा आहे."

थोडा मोठा कॅमेरा दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आला. तो उतरवायला सहा माणसं लागली. सागवानाची चौकट, पुढे घडीचा काळा भाता, मागे खाली दोन पोलादी रूळ, आणि आत चटईएवढ्या रुंद फिल्मच्या गुंडाळ्या. फोटो निघणार वीस इंच बाय चोवीस, आणि तोही मिनिटा-दीड मिनिटात. असे कॅमेरे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, साहेब म्हणाले. हा त्यांनी स्वतः सुतार आणि लेथवाला गाठून करून घेतला होता. टेम्पोवाल्याने त्याला एका शब्दात निकालात काढलं. म्हणाला, "कपाट कुठं ठेवू?" तेव्हापासून ते कपाटच.

साहेबांना डोंगरातल्या माणसांचं 'असणं' पकडायचं होतं. डोंगरात माणसं पिढ्यान्‌पिढ्या होतीच, पण त्यांचं असणं कुणी पकडलेलं नव्हतं हे खरं. मी मान डोलावली. रोजावर मान डोलावणं सोपं असतं.

पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या रस्त्याला टेम्पो सोडला की दीड तास चढून एक वाडी लागायची. पंधरा-सोळा घरं, म्हशी, शेळ्या, नाचणीची उतरती शेतं. रस्ता नव्हता. कुणी आजारी पडलं तर घोंगडीची डोली करून पोलादपूरला उतरवायचे. आम्ही वाडीतलेच आठ जण बोलावले आणि कपाट डोलीत घातलं. आजवर डोली खाली जायची; भरलेली डोली वर चढताना त्या वाटेने पहिल्यांदाच पाहिली असेल. वाटेत शेळ्या घेऊन एक म्हातारा बसला होता. तो उठून उभा राहिला, मुंडासं सारखं केलं आणि हळूच विचारलं, "कोण गेला रं?"

"कोण नाय गेला. कपाट हाय."

"कपाट? मग लगीन कुणाचं?"

"लगीन बी नाय. फोटो काढायचं हाय."

म्हाताऱ्याने कपाटाभोवती एक चक्कर मारली. "एवढ्या मोठ्यात फोटो काढतात, का फोटो काढून माणूस आत घालतात?"

आठही जण डोली खाली ठेवून हसले. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "तुमच्या कामाची चौकशी करतायत."

फिल्म थंड ठेवायला लागायची, म्हणून मी बाजारातून मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या बर्फासकट आणल्या होत्या. त्या वाडीत पोचताच बायका ताटल्या घेऊन बाहेर आल्या. "म्हावरं काय भाव?" परदेशातून आलेली, सोन्याच्या भावाची ती फिल्म बोंबलाच्या वासात लपेटून तिथे पोचली. साहेबांनी डोळे मिटून तोही अनुभव घेतला.

वाटेत भेटलेला तो शेळ्यांचा म्हातारा साहेबांच्या डोळ्यांत भरला. उंच, पांढऱ्या झुपकेदार मिशा, पांढरं मुंडासं, कानात बाळी, खांद्यावर काळी घोंगडी. "हा चेहरा!" साहेब इंग्रजीत तीन-चारदा म्हणाले. म्हाताऱ्याला गोठ्यासमोरच्या दगडावर बसवलं. साहेब काळ्या कापडाखाली शिरले. मागच्या घाशीव काचेवर चित्र उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. म्हाताऱ्याच्या बायकोने कापड उचलून आत डोकावलं आणि ओरडली, "अवो, तुमाला उलटं टांगलंय ह्यांनी!"

"मग पैसं पडलं का खाली?" म्हातारा दगडावरून म्हणाला.

ही त्याची बायको. साठीच्या आसपासची, काटक, नाकात मोरणी. मी तिला मावशी म्हणू लागलो. म्हातारा जन्मभर तिच्या बोलण्यावर बोलत आला असावा, कारण हलू नको, बोलू नको म्हणून सांगूनही तो दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी बोलत होता. शेवटी साहेबांनी हात जोडले. म्हातारा गप्प झाला, तोंड मिटलं, खटका पडला.

मग रुळांनी दोन्ही कागद एकमेकांवर दाबत खाली ओढले. मी गुडघ्यावर बसून कागद कापायला पातं फिरवलं, ते जाडसर सँडविच दोन्ही हातांवर तोलून फळीवर ठेवला आणि घड्याळ बघत राहिलो. सारी वाडी माझ्या घड्याळाकडे बघत होती. वेळ झाली तशी कोपरा धरून सोलायला घेतला. ते काम मला चांगलं यायचं. एका ओढीत, न थांबता, नाहीतर पट्टा उमटतो.

आणि म्हातारा निघाला. चोवीस इंचांचा. मिशीचा एकेक केस, बाळीचा ओरखडा, घोंगडीवर बसलेली माशीसुद्धा. म्हातारा उठून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ह्यो कोण?"

"तुमीच," मावशी म्हणाली. "दुसरं कोण बसंल असं, दुकान बंद केल्यासारखं?"

"माजं तोंड एवढं मोठं हाय?"

"बोलताना याच्यापरीस मोठं असतं."

हसणं थांबल्यावर ती माझ्याकडे वळली. साहेबांकडे नाही, साहेब तिला टेम्पोइतकेच परके होते. "ह्यो हितंच ऱ्हाणार ना बाबा?"

उत्तर साहेबांनीच दिलं. "नहीं नहीं, ये प्रदर्शन में जाएगा. तुमको कॉपी भेजेंगे आजी. पोस्टाने. पक्का."

'कॉपी' हा शब्द साहेबांनी इतक्या प्रेमाने उच्चारला की क्षणभर मलाही असं काही अस्तित्वात असतं असं वाटलं. मी काही बोललो नाही. मी कमी बोलतो, हे वर आलंच आहे.

मावशी म्हणाली, "माजा बाप गेला तवा मला चार पोरं व्हती. म्हंजे मी काय ल्हान नव्हते. आता डोळं मिटलं तर त्याचा आवाज येतो, तोंड येत नाय. लय करून बगते, नायच येत. ह्यांचं तसं व्हायला नको."

"अगो, मी हाय अजून," म्हातारा म्हणाला.

"हाव म्हणून तर बोलते. गेल्यावर कुणाला सांगू, फोटो काढून जावा म्हणून?"

इथे आता ते निम्मं येतं. त्या वेळी माझ्या गळ्यात माझा स्वतःचा साधा कॅमेरा होता. रोलवर चौदा फोटो शिल्लक होते. साहेबांनी तो मला आणायला सांगितला होता, कपाटाबरोबर काम करताना त्यांचे फोटो काढायला. सकाळपासून मी साहेबांचे बावीस फोटो काढले होते. साहेब कापडाखाली, साहेब कापडाबाहेर, साहेब क्षितिजाकडे बघताना. म्हाताऱ्याचा एक काढायला किती वेळ लागला असता? खटका दाबायला लागतो तेवढा. महाडात धुऊन पोस्टकार्डाएवढा फोटो कुणाच्याही हाती वर पाठवता आला असता. मी तो काढला नाही, आणि त्याला अडवणारं कुणीही नव्हतं. त्या सागवानी कपाटासमोर माझा लहान कॅमेरा डोळ्याला लावायची मला लाज वाटली. साहेब बघतील, म्हणतील, हे काय. एवढंच कारण. वर्षानुवर्षं मी त्याहून बरं कारण शोधत आलो, सापडलं नाही.

मी फोटो नेऊन सावलीत वाळत ठेवत होतो तेवढ्यात मावशीने फळीवरचं सालपट उचललं होतं. त्यावर म्हातारा उलट्या रंगांत उतरला होता. पांढऱ्या मिशा काळ्या कुळकुळीत, मुंडासं काळं, घोंगडी पांढरी.

"हा बगा," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्याच्यात तुमी तरणं झालं."

"आन तू कुठं हाईस? मला एकट्यालाच तरणा ठेवून काय करू?"

ती माझ्याकडे आली. "ह्यो नेत नाय ना तुमी? मला द्या."

"घ्या."

"पर काळा दिसतोय. असाच ऱ्हाणार?"

त्या वेळी 'हा कचरा आहे मावशी, आठ दिवसांत पुसून जाईल' एवढं बोलायचं होतं. तीन-चार सेकंदांचं काम. पण मागे आमच्याबरोबर वर चढून आलेला टेम्पोवाला उभा होता, आणि ऐकायला माणूस असला की माझी कला जागी व्हायची. मी चेहरा दगडाचा केला.

"आत्ता कच्चा आहे मावशी. घरात आंब्याची आढी घातलीय ना? पेंढ्यात ठेवा. पिकेल."

टेम्पोवाला तोंड फिरवून खोकला. मावशी हसली नाही.

"किती दिस?"

"आंब्याला लागतात तेवढे."

"रोज परतायला लागंल?"

"परतलेलं बरं," मी म्हणालो.

खळ तिच्या हाताला लागू नये म्हणून ओल्या फडक्याने मी सालपट पुसून दिलं. त्या दिवशीचं माझं पुण्यकर्म ते.

बारा-तेरा दिवसांनी दुपारी ती स्टुडिओच्या दारात उभी. डोंगर उतरून, पोलादपूरला एसटी धरून. डोक्यावर भाताच्या पेंढ्याची चपटी पेंढी. आत एक कंत्राटी कामगार बदकासमोर ताठ बसलेला. मावशीने पेंढी काउंटरवर ठेवली आणि सोडली. आत सालपट. म्हातारा जवळजवळ गेला होता. राखाडी पडलेल्या कागदावर मुंडाशाच्या जागी एक काळसर डाग तेवढा होता, आणि सगळ्यावर पेंढ्याच्या काड्यांच्या रेघा.

"पिकला नाय," ती म्हणाली. "रोज परतला. सकाळ-सांज. आंब्याचा रस लागंल म्हणून आढीतलं आंबं काढलं सगळं. पोरांनी कच्चंच खाल्लं. तरी नाय पिकला. माजं काय चुकलं?"

माजं काय चुकलं, असं तिने मला विचारलं. मी कागद उजेडात धरला, उलटा केला, डॉक्टर एक्सरे बघतात तसा.

"ऊब कमी पडली," मी म्हणालो.

"मग परत घालू?"

"आता पाऊस तोंडावर आलाय. पुढच्या वर्षी बघू."

तिने मान हलवली. डॉक्टरवर विश्वास ठेवतात तशी. मग कागद पुन्हा पेंढ्यात बांधला आणि ओच्यातून सहा रायवळ आंबे काढून काउंटरवर ठेवले; आढीतून काढलेल्यांतले, पोरांच्या हातून वाचवलेले. "तुमच्यासाठी." ती गेल्यावर बदकासमोरचा कामगार म्हणाला, "काय शेठ, फोटोची आढी घालायला सांगितलीत काय!" आणि पोट धरून हसला. मीही हसलो. आंबे दोन दिवसांनी पिकले, मी खाल्ले. गोड होते.

त्या रविवारी कॅमेरा घेऊन वर जायचं मी ठरवलं. रविवारी लग्नाची ऑर्डर आली. पुढच्या रविवारी तुडीलला मावसभावाची पूजा. मग पाऊस लागला आणि पावसात त्या वाटेने शहाणा माणूस चढत नाही. मी तसा शहाणाच होतो.

नागपंचमीच्या सुमाराला त्याच वाडीतला एक पोरगेला बाप्या ओळखपत्राच्या फोटोसाठी आला. कपाटाची डोली उचलणाऱ्यांतला. फोटो सोलता सोलता मी विचारलं, "शेळ्यांचे बाबा काय म्हणतात?"

"ते गेलं की. महिना झाला. छातीत कळ आली. डोली केली, पर वढ्याला पाणी व्हतं, अलीकडंच संपलं."

मी त्याच्या हातात त्याचे चार चेहरे दिले.

"मावशी?"

"हाय. तुमचा कागद भिंतीला लावलाय तिनं. हार घातलाय."

"त्यात काय दिसतं?"

"काय सुदा नाय," तो म्हणाला. "पर तिला कोण सांगणार?"

कोण सांगणार, ते आम्हा दोघांपैकी एकाला चांगलं माहीत होतं.

हिवाळ्यात साहेबांच्या प्रदर्शनाचं निमंत्रण आलं. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं. मी मुंबईला गेलो. पांढऱ्याशुभ्र भिंती, गार हवा, आणि आवाज करणार नाहीत असे बूट घातलेली माणसं. म्हातारा एका अख्ख्या भिंतीवर एकटा, वरून दिव्याचा झोत. खाली इंग्रजीत 'प्रस्तर' अशा अर्थाचा एक शब्द. म्हणजे बोलायचं थांबव म्हणून ज्याला हात जोडावे लागले होते त्याचं नाव दगड ठेवलं होतं. कोपऱ्यात लाल टिकली. एका बाईंनी मला सांगितलं की टिकली म्हणजे विकला गेला. कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं, बहुतेक परदेशात.

मी त्याच्यासमोर पाऊण तास उभा राहिलो. पिशवीत माझा लहान कॅमेरा होता, मुद्दाम नेला होता. यावेळी रोल नवा होता. पिशवीत हात घातला तसा पहारेकरी म्हणाला, "फोटो अलाउड नहीं है साब." मी हात बाहेर काढला. आयुष्यात मी अनेक नियम मोडलेत. मोटारसायकलचं लायसन्ससुद्धा उशिरा काढलं. नेमका तोच नियम पाळायची मला बुद्धी झाली.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी मला मिठी मारली, चार लोकांना 'माझा तिकडचा माणूस' म्हणून दाखवलं आणि भिंतीकडे बोट करून विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

हे का म्हणालो, ते मी स्वतःला विचारून थकलो. समारंभात मयताची बातमी कशाला, असं काहीतरी. पण हेही लिहायला हवं की साहेब वाईट माणूस नव्हते. 'गेले' म्हणालो असतो, 'त्यांच्या बायकोला चेहरा हवाय' म्हणालो असतो, तर त्यांनी त्याच क्षणी पहारेकऱ्याला बाजूला करून मला फोटोचा फोटो काढू दिला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांना विचारलंच कुणी नाही. ज्याने विचारायचं तो खारे काजू खात होता.

पुढे डिजिटल आलं. चार भिंगांचा कॅमेरा माळ्यावर गेला, त्याची फिल्म मिळेनाशी झाली. बदकाचा पडदा मी विकून टाकला. दरम्यान त्या वाडीपर्यंत खडीचा रस्ता झाला. त्यामुळे 'वाट अवघड आहे' हे माझं शेवटचं चांगलं कारणही शासनाने काढून घेतलं. म्हातारा जाऊन सात-आठ वर्षं झाल्यावर एका सकाळी मी मोटारसायकलवर वर गेलो.

मावशी ओटीवर नाचणी पाखडत होती. वाळली होती, एका डोळ्यात पांढुरका पडदा आला होता. मला आवाजावरून ओळखलं. आत भिंतीवर चौकटीत तो कागद होता, राखेच्या रंगाचा, कोरा, वर सुकलेल्या झेंडूची माळ.

मी सांगितलं. एकदा सुरू केल्यावर मला थांबता येईना. ते सालपट होतं, फेकायचा कचरा. आढीचं मी थट्टेने बोललो. कॉपी निघणारच नव्हती. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मुंबईला तो भिंतीवर होता आणि विकला गेला, कुठे ते माहीत नाही. ती सूप हलवत राहिली. फोल उडून माझ्या शर्टावर बसत होतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"दुसऱ्या वर्षी मी त्याला आढीत घातलाच नाय," ती म्हणाली. "आंबं घातलं. मी काय येडी हाय?"

"मग हा भिंतीवर?"

"बाराव्याला मान्सं आली. हात कुणाला जोडतील? खिळ्याला?"

तिने सूप आपटून खडे एका बाजूला केले.

"लय राग आला व्हता तुजा. म्हटलं, परत आला तर शेण फासंन तोंडाला. तू आलाच नाय." सूप थांबलं. "आता शेण बी नाय ऱ्हायलं. म्हशी इकल्या."

मी खिशातून नवा डिजिटल कॅमेरा काढला. "तुमचा तरी काढतो मावशी."

"माजा कशाला? माजं तोंड मी इसरणार हाय व्हय? ठेव तो आत." मी ठेवला. मग ती म्हणाली, "मुंबैला तू त्याला बगितलास. किती येळ?"

"पाऊण तास."

"मग सांग. कसा व्हता?"

मी डोळ्यांपुढे आणायला लागलो. वरच्या उजव्या कोपऱ्यात खळ पोचली नव्हती, तिथे एक पांढरा चट्टा होता. डावीकडच्या कडेला रुळाचा बारीक पट्टा. घोंगडीवर माशी.

"माशी ऱ्हाऊ दे. तोंड सांग."

"मिशा पांढऱ्या. डाव्या बाजूची जरा खाली आलेली."

"हां. तो ती चावायचा." तिने डोळे मिटले. "फुडं."

"कपाळावर तीन आठ्या. मधली तुटलेली."

"फुडं."

"डोळे बारीक केलेले. समोरून ऊन होतं."

"ऊन कुठलं? तो तसाच बगायचा, थाप मारायच्या आदी." ती थोडी हसली, डोळे न उघडता. "नाक?"

नाक मला आठवेना. बाळीचा ओरखडा आठवत होता, घोंगडीची वीण आठवत होती. पाऊण तासात मी काय बघत होतो कुणास ठाऊक. एखादं चांगलंसं नाक बसवून देणं मला अवघड नव्हतं. ते ओठांवर आलंही होतं.

"नाक आठवत नाही मावशी."

तिने सूप मांडीवर ठेवलं. मग हात चेहऱ्याकडे नेला आणि बोट स्वतःच्या नाकावरून हवेत जरा पुढे काढलं, शेवटी थोडं खाली वळवलं. "असं," ती म्हणाली. "असं व्हतं. नाक मला येतं. मिशी येत नव्हती."

सूप पुन्हा हलायला लागलं.

"आता परत सांग, मिशीपासनं. सावकाश सांग, लय नाचणी ऱ्हायलीय."